शाळेला कुलूप लागल्यावर

डिसेंबर २०२३मध्ये रायगड पोलिसांनी खोपोलीजवळच्या ढेकू गावात एका कारखान्यावर छापा घातला आणि शंभर कोटींहून जास्त किमतीचं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडलं. बातमी राज्यभर गाजली. अशा बातमीनंतर नेहमी जे होतं ते ठरलेलं आहे. शाळाशाळांतून व्याख्यानं होतात, मुलं हात पुढे करून शपथ घेतात, २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाची फेरी निघते, फलकावर कवटी रंगवलेली असते. फेरी बहुधा सकाळी निघते, कारण सकाळी मुलं शाळेत असतात, शिक्षक असतात आणि फोटो काढायला उजेड असतो. माझा आक्षेप नेमका या सकाळीबद्दल आहे. रायगडच्या कर्जत-खालापूर तालुक्यांतल्या वाड्यांवरचं मूल सकाळी बिघडत नाही.

आणि ते एमडीने तर मुळीच बिघडत नाही. ढेकूसारख्या ठिकाणी तयार होणारा माल मोठ्या शहरांतल्या खिशांसाठी असतो. कातकरवाडीतल्या आठ वर्षांच्या मुलाला त्याची किंमतही परवडणार नाही. त्याच्या हाताशी जे असतं ते फार साधं असतं. आजीच्या डबीतली मशेरी. बापाच्या खिशातली तंबाखूची पुडी आणि चुना. जुलै २०१२पासून राज्यात बंदी असलेला आणि तरीही टपरीवर मागितला की मिळणारा गुटखा. लग्नात, होळीला, बारशाला मोठ्यांच्या पेल्यात तळाशी उरलेला घोट. थोडं मोठं झाल्यावर, स्टेशनाच्या आसपास वावरणारं पोर असेल तर पंक्चर काढायचं सोल्युशन नाहीतर व्हाइटनर. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: हुंगून करायची नशा हा एकच प्रकार असा निघाला की त्यात मुलांचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा जास्त आहे. दारू, गांजा, अफू या सगळ्यांत मोठी माणसं पुढे. हुंगण्यात मुलं पुढे. कारण ते स्वस्त आहे, दुकानात उघड मिळतं आणि त्याचा वास आईला ओळखू येत नाही.

सुरुवातीचं वय किती, याबद्दल आपल्या मनात सोयीचा गैरसमज आहे. व्यसन म्हटलं की कॉलेजचा पोरगा डोळ्यांपुढे येतो. २०१९च्याच जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणाने भारतातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ज्यांनी कधी ना कधी तंबाखू वापरली त्यांच्यात सिगारेटच्या सुरुवातीचं मध्यवय साडेअकरा वर्षं निघालं, विडीचं साडेदहा, आणि तोंडात धरायच्या तंबाखूचं ९.९ वर्षं. म्हणजे चौथी. हे सर्वेक्षण शाळेत हजर असलेल्या मुलांचं आहे. जी मुलं त्या वेळी वीटभट्टीवर होती, ज्यांचं नाव पटावर आहे पण पाय शाळेत नाहीत, ती या आकड्यात नाहीतच. दहावीच्या वर्गात जाऊन कर्करोगाची चित्रं दाखवणारा व्याख्याता त्यामुळे निदान पाच वर्षं उशिरा पोचलेला असतो, आणि ज्यांच्यासाठी त्याने यायला हवं होतं त्यांतली पुष्कळशी मुलं दहावीपर्यंत आलेलीच नसतात.

मग मूल नक्की कधी सापडतं? शाळा सुटते पाचच्या सुमाराला. दुपारी मध्यान्ह भोजनाची खिचडी खाल्लेली असते, त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत काही नाही. आई कुठल्या तरी फार्महाऊसवर झाडलोटीला नाहीतर बांधकामावर, किंवा सरपणाची मोळी विकून नेरळ-कर्जतहून परतीच्या वाटेवर. खालापूरकडे, रसायनी-पाताळगंगेच्या पट्ट्यात, घरातला पुरुष ठेकेदाराकडे असतो आणि त्याची पाळी ठेकेदार ठरवतो. दोघंही घरी येईपर्यंत आठ वाजतात. पाच ते आठ हे तीन तास कुणाचेच नाहीत: शाळेने मूल सोडलेलं असतं, घराने अजून घेतलेलं नसतं. अंगणवाडी दुपारीच बंद झालेली, शाळेच्या दाराला कुलूप. उघडं असतं ते फक्त टपरीचं दार, आणि वाडीच्या कडेला हातभट्टीचा अड्डा असेल तर तो.

मुलाचं व्यसनाशी पहिलं नातं खाण्यापिण्याचं नसतंच, ते कामाचं असतं. ‘जा रे, एक पुडी घेऊन ये.’ उरलेला रुपया त्याचा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भिवपुरीच्या नाहीतर खोपोलीच्या धबधब्यावर मुंबईची गर्दी उसळते. जिल्हा प्रशासन दरवर्षी मनाईचे हुकूम काढतं आणि गर्दी दरवर्षी येते. तिच्यामागे उरलेल्या बाटल्या गोळा करणारी पोरं कुणीही पाहावीत. भंगारात बाटलीचे पैसे येतात, आणि सगळ्याच बाटल्या पूर्ण रिकाम्या नसतात. कर्जतचं पर्यटन वाढलं म्हणून आनंद मानणाऱ्यांनी हा हिशोबही एकदा मांडावा.

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो सुशिक्षित माणसंच जास्त करतात: ‘त्यांच्यात चालतंच हे.’ कातकरी आणि ठाकर या आदिवासींच्या संस्कृतीतच दारू आहे, मग मुलांना आपण कुठे वाचवणार? हा युक्तिवाद इतिहास विसरून केलेला आहे. मोहाची दारू इथे होती, सणाला होती, देवाला होती, हे खरं. पण १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतलं चोरटं गाळप थांबवायचं म्हणून मोहाच्या फुलांवरच कायदा केला. नेमका त्याच सुमाराला कर्जत तालुका ठाण्यातून कुलाब्यात आला होता. ज्या झाडाखाली आदिवासी बाई पहाटे फुलं वेचत होती, ती फुलं घरात ठेवणं आता संशयाचं झालं. आणि त्याच फुलांची दारू उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत गाळून मुंबईला जातच होती, सरकारला त्यातून महसूल मिळत होता. वर्षातून काही दिवसांची, स्वतःच्या झाडाची, म्हाताऱ्यांच्या देखरेखीतली दारू गेली. तिच्या जागी काळा गूळ, नवसागर आणि पैसा यांवर चालणारी, रोजची, कुणाच्याच देखरेखीत नसलेली दारू आली. आज वाडीत जी विकली जाते ती संस्कृती म्हणून विकली जात नाही, धंदा म्हणून विकली जाते. विकणाराला गिऱ्हाईक लहान वयात मिळालं तर ते जास्त वर्षं टिकतं, इतकं सरळ गणित आहे.

कातकरी महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. या समाजातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर वाडी सोडतात. शेठकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे सहाएक महिने मुलाला शाळाच नाही, आणि मग ‘शाळेनंतर’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. भट्टीवर दिवसभर मूल आईबापाच्या डोळ्यांसमोर असतं खरं, पण मातीत, विटा उलटत, धाकट्याला सांभाळत. आठवड्याचा खर्चीचा पैसा हातात पडतो त्या संध्याकाळी भट्टीवर काय चालतं ते मूल बघत असतं. तिथे अंगदुखीवर औषध म्हणजे दारू, भुकेवर औषध म्हणजे तंबाखू. हे त्याला कुणी शिकवत नाही, तरी ते शिकतं. म्हणून कर्जत-खालापुरात मुलांच्या व्यसनमुक्तीचा जो कार्यक्रम जून ते ऑक्टोबर चालून दिवाळीला संपतो, तो अर्धाच नाही, उलटा कार्यक्रम आहे: धोका कमी असतो तेव्हा हजर, वाढतो तेव्हा गैरहजर.

यावरचा उपाय बाहेरून आणायची गरज नाही, तो याच किनारपट्टीवर शोधला गेलेला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीने ते काम कोसबाडला गेलं. वारल्यांची मुलं शाळेत का येत नाहीत, यावर त्या दोघींनी पालकांना दोष दिला नाही. मुलं गुरं राखायला कुरणात असतात, तर शाळा कुरणात न्यायची. कुरणशाळा तशी जन्मली. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची झोपडी. दोन्हींत एकच शहाणपण आहे: मूल ज्या वेळी, ज्या जागी बेवारस असतं, त्या वेळी, त्या जागी मोठं माणूस उभं करायचं. आपण मात्र शाळेची इमारत जिथे आहे तिथे आणि शिक्षकाची ड्यूटी जेव्हा आहे तेव्हा कार्यक्रम करतो.

संध्याकाळच्या वेळेची किंमत महाराष्ट्रात राजकीय माणसांनाही पूर्वीच कळली होती. राष्ट्र सेवा दलाची शाखा संध्याकाळी भरायची. खेळ, गाणी, गोष्टी, थोडं श्रमदान. संघाची मुलांची शाखाही पुष्कळ ठिकाणी संध्याकाळीच. दोघांचे विचार एकमेकांच्या विरुद्ध, पण मुलाचा दिवस कुठून पकडायचा याबद्दल दोघांचं एकमत होतं. ज्यांना मुलांकडून काहीतरी हवं असतं ते त्यांची संध्याकाळ मागतात. दारूवाल्यालाही ती हवी असते. फक्त शासनालाच ती नको असते.

मुंबईत सलाम बॉम्बे फाउंडेशन २००२पासून पालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम करतं. सुरुवात तंबाखूपासून झाली, पण तंबाखू वाईट एवढं सांगून ते थांबले नाहीत. क्रिकेट, नाटक, नृत्य, पुढे मोबाइल दुरुस्तीसारखी कौशल्यं असं शाळेनंतरचं मोठं काम उभं राहिलं. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी वस्त्यांतल्या मुलांना घेऊन नाट्यजल्लोष सुरू केला. तिथे मुलं स्वतःच्या गल्लीतल्या गोष्टी स्वतः रचून उभ्या करतात आणि त्यांत दारू पिणारा बाप हमखास असतो. एखादा विषय व्याख्यानात ऐकणं आणि तो रंगमंचावर स्वतः उभा करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मात्र हे सगळं शहरातलं आहे, आणि बहुतेक अकरा-बारा वर्षांपुढच्या मुलांसाठीचं. आपल्याला सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी आणि डोंगरातल्या वाडीसाठी हवं आहे.

आता विरुद्ध बाजू, कारण ती कमकुवत नाही. अमेरिकेत १९८३मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. वर्दीतला पोलीस वर्गात येऊन मुलांना नशेला नाही म्हणायला शिकवणार. तो देशभर पसरला, त्यावर भरपूर पैसा गेला, आणि एकामागून एक मूल्यमापनांत त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. आपल्या शपथा आणि फेऱ्या याच जातीच्या. पण शाळेनंतरची केंद्रंही आपोआप गुणकारी नसतात. तिथल्याच केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या अशा केंद्रांची मोठी पाहणी २००५च्या सुमाराला पूर्ण झाली. मुलांना तिथे सुरक्षित वाटत होतं, अभ्यासात मात्र फरक पडला नव्हता, आणि काहींचं वागणं उलट बिघडलं होतं. यात नवल काही नाही. वात्रट पोरं एका खोलीत कोंडली आणि मोठं माणूस मोबाइल बघत कोपऱ्यात बसलं, तर पोरं एकमेकांकडून जे शिकायचं ते शिकतील.

म्हणून आइसलँडचं उदाहरण मोलाचं वाटतं. तो देश कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांहूनही लोकसंख्येने लहान आहे. २०११च्या जनगणनेत हे दोन तालुके मिळून चार लाखांच्या वर होते, आइसलँड त्याहून कमी. १९९८मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्याभरात कधी तरी दारूने झिंगली होती; २०१६मध्ये ५ टक्के. त्यांनी मुलांना उपदेश केला नाही, वेळ भरला. पोहणं, फुटबॉल, संगीत, आणि फीसाठी रेक्याविकमध्ये दर मुलामागे कार्डावर पालिकेचे पैसे. जोडीला मुलांनी रात्री बाहेर राहण्यावर कायद्याने मर्यादा आणि पालकांनी आपसांत केलेले करार. श्रीमंत देश आहे, त्यांना जमलं, असं म्हणता येईल. पण त्यात पैशाइतकाच महत्त्वाचा भाग होता तो दरवर्षी मुलांनाच विचारायचा आणि त्याप्रमाणे बदलायचा. तो फुकट आहे, आणि आपल्याकडे तेवढाच होत नाही.

तर वाडीतल्या त्या तीन तासांत काय असावं? पहिलं म्हणजे खाणं. भुकेल्या मुलाला गोष्ट सांगता येत नाही, आणि तंबाखूचा पहिला फायदाच भूक मरण्याचा आहे. मूठभर शेंगदाणे-गूळ, उकडलेलं अंडं, काहीही, पण रोज. दुसरं, वाडीतलंच माणूस. बारावी झालेली ठाकराची मुलगी, आश्रमशाळेत शिकून घरी बसलेला कातकऱ्याचा पोरगा. बाहेरची ताई कितीही चांगली असली तरी शेवटची गाडी पकडायला साडेसहाला निघते, आणि मुलाच्या घरात आज काय झालं ते तिला माहीत नसतं. रोज तेच माणूस, त्याच वेळी: मुलाला इतकं जरी खात्रीचं मिळालं तरी त्याच्या आयुष्यात ती नवी गोष्ट असते.

तिसरं मात्र बहुतेक योजनांत विसरलं जातं. अशा केंद्रात मुलगेच येतात, कारण मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असतं, डोक्यावर हंडा असतो आणि चूल पेटवायची असते. मुलींना वेगळं आमंत्रण देऊन त्या येत नाहीत. भावंडाला घेऊन ये, असं सांगितलं तर येतात. म्हणजे त्या खोलीत दोन वर्षांचं रडणारं पोर असणार, गोंधळ असणार, कुणीतरी झोपलेलं असणार. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ते अव्यवस्थित दिसेल. दिसू दे. जी मुलगी तिथे येते, तिच्या भावंडाच्या तोंडात रडू थांबवायला मशेरीचं बोट जाणार नाही.

आणि कृपा करून त्याला व्यसनमुक्ती केंद्र म्हणू नका. सहा वर्षांच्या पोराच्या कपाळावर ‘व्यसनाच्या वाटेवरचा’ असा शिक्का मारला की शाळेत त्याला वेगळं बसवायला आणखी एक निमित्त मिळतं, आणि कातकऱ्यांच्या मुलांना अशा निमित्तांचा तुटवडा नाही.

कायद्याचं काय, असं विचारणारे असतात. बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७७प्रमाणे मुलाला दारू, तंबाखू किंवा कुठलाही मादक पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवाल्याला, अड्डेवाल्याला हे कलम जरूर लावावं. दोन-तीन ठिकाणी लावलं तरी वचक बसेल. पण अक्षरशः घेतलं तर दात दुखतो म्हणून नातवाला मशेरी लावणारी आजीही आरोपी ठरते. ते कुणालाच नको आहे. कायद्याचा हात जिथे पोचू नये तिथे दुसऱ्या कुणाचा तरी पोचायला हवा, म्हणूनच हा सगळा खटाटोप.

पुरवठ्याचा प्रश्न यातून सुटत नाही, हेही कबूल करायला हवं. मुलांना खेळायला बोलवायचं आणि अड्डा शंभर पावलांवर चालू ठेवायचा, ही फसवणूक होईल. गडचिरोलीत ‘सर्च’च्या मुक्तिपथने २०१६पासून गावोगावच्या बायांना संघटित करून अड्डे बंद करायचं काम केलं, ते इथेही लागेल. फक्त एक अडचण समजून घ्यावी. शेजारच्या मुरबाडचा काही भाग, घाटावरच्या जुन्नर-आंबेगावचा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचे अधिकार आहेत. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. तेच ठाकर, तेच कातकरी, तोच डोंगर. पण तालुक्याची हद्द ओलांडली की बायांच्या हातातला अधिकार जातो. परवान्याचं दुकान असेल तर ते बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान आहे, पण हातभट्टीला परवानाच नसतो, मग मतदान कशावर घेणार?

पैशाची सबब मला पटत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते बऱ्याचदा सतरंज्या, शिलाई यंत्रं आणि हळदीकुंकवावर जातात. खालापूर तालुक्यात कारखाने दाटीवाटीने आहेत, आणि २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करणं बंधनकारक आहे. त्यातून शाळेच्या भिंती रंगतात, बाकं येतात, दप्तरं वाटली जातात, आणि देणगीदाराचं नाव भिंतीवर येतं. एका वाडीतल्या एका मुलीचं वर्षाचं मानधन आणि पंचवीस मुलांचं रोजचं खाणं यांवर कुणाचं नाव रंगवता येत नाही, एवढाच त्याचा दोष. भट्टीवरच्या सहा महिन्यांचा भार तर भट्टीमालकानेच उचलायला हवा. उचल देताना तो मुलांसकट सगळ्या कुटुंबाचं श्रम धरूनच हिशोब करतो, तेव्हा मुलांची संध्याकाळही त्याच्या हिशोबात यावी. गावोगाव बाल संरक्षण समित्या कागदावर आहेत, सरपंच त्यांचे अध्यक्ष आहेत. त्यांच्या बैठकीला हा विषय पुरेसा आहे.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार दिवशी ग्रामसभा होते. कर्जत-खालापूरच्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या सभेला जा आणि तिथे व्यसनमुक्तीचा ठराव मांडू नका. तसे ठराव एकमताने होतात आणि फायलीत जातात. शाळेची किल्ली पाचनंतर कुणाकडे असेल, मुलांना खायला काय मिळेल, आणि दिवाळीनंतर ती किल्ली घेऊन भट्टीवर कोण जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरं नावांनिशी आणि रकमांनिशी इतिवृत्तात लिहून घ्या.